देव न करो, पण समजा…

सिंगापुरात रॅफल्स प्लेसला नोकरी करणाऱ्याने ‘डबल इंडेम्निटी’ हा सिनेमा रविवारी रात्री पाहू नये. सोमवारी सकाळी एमआरटीच्या सरकत्या जिन्यावरून वर आलं, की टाय लावलेला प्रत्येक माणूस कुणाच्या तरी नवऱ्याच्या मरणाचे आकडे जुळवत चाललाय असं दिसायला लागतं. गोची अशी, की आमच्या चौकात हे बऱ्यापैकी खरं असतं. इथे बँका आणि विमा कंपन्या सोडून दुसरं फारसं काही पिकत नाही. मी स्वतः एका विमा कंपनीच्या कंप्लायन्स खात्यात आहे. म्हणजे मरणाचे आकडे मांडणाऱ्यांनी ते नियमात बसवून मांडलेत की नाही, एवढंच मी बघते. माणूस मेला याचं मला वाईट वाटतं. पण फॉर्मवर तारीख राहिली असेल तर जास्त वाईट वाटतं.

तर सिनेमा. १९४४ सालचा, कृष्णधवल, बिली वाइल्डरचा. जेम्स केनच्या कादंबरीवरून वाइल्डरने आणि रेमंड चँडलरने मिळून लिहिलेला. फिल्म न्वार म्हटलं की जाणकार मंडळी पहिल्यांदा याचं नाव घेतात आणि मग आवाज खाली आणून नियती, वासना, महानगरी एकाकीपणा वगैरे बोलतात. न्वारचा साधा हिशेब असा: खिडकीच्या पट्ट्यांची सावली भिंतीवर पडली, नायकाने टोपी न काढता सिगारेट पेटवली आणि सोनेरी केसांची बाई जिना उतरायला लागली, की नायकाचं काही खरं नाही असं समजावं. इथे नायक वॉल्टर नेफ हा विम्याचा एजंट. पस्तिशीचा, बिनलग्नाचा, बोलण्यात तरबेज. गाडीचा विमा संपत आलाय म्हणून एका घरी जातो. मालक घरी नसतो, मालकीण असते, फिलिस. मालकीण म्हणते, यांना न कळता यांचा अपघाती विमा काढता येईल का हो? नेफला प्रश्नाचा अर्थ तत्काळ कळतो, तो तिला झापून निघूनही जातो, आणि मग तेच करतो. वर स्वतःच्या धंद्यातली अक्कल घालतो: साधा अपघात कशाला, रेल्वेतला असेल तर रक्कम दुप्पट. पन्नास हजारांचे एक लाख डॉलर. सिनेमाचं नाव म्हणजे हेच कलम.

आता हे कलम अमेरिकन प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत असेल. मराठी माणसाला नाही. आपल्याकडे एलआयसीचा एजंट ओसरीवर बसून, पोह्यांची बशी बाजूला सारून पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आला आहे: ‘डबल ॲक्सिडेंट बेनिफिट’ घेऊन टाका, देव न करो, पण समजा काही झालंच, तर वहिनींना दुप्पट. वहिनी पदर सावरून आत जातात. भाऊसाहेब सही करतात. एवढ्या उघडपणे नवऱ्यासमोर त्याच्या मरणाचा भाव ठरत असताना आपल्याकडे कुणाच्या डोक्यात खुनाचा विचार येत नाही, याचं श्रेय मी संस्कारांना देत नाही. पोह्यांना देते.

आमच्या घरी हा सिनेमा चौघांनी पाहिला. नवरा कामानिमित्त जकार्ताला होता, हे नंतर सासूबाईंनी दोनदा अधोरेखित केलं. सासू-सासरे साताऱ्याहून इथे आले होते. बाबा, म्हणजे सासरे, एलआयसीतून विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. अख्खी नोकरी सातारा जिल्ह्यात स्कूटरवर काढलेली. चौथी माझी चौदा वर्षांची मुलगी. जुना सिनेमा म्हणजे तिच्या लेखी २०१० सालचा. न्वार पाहायला यापेक्षा वाईट कंपू जमवता येणार नाही, असं मला सुरुवातीला वाटत होतं.

सुरुवात रात्रीच्या ऑफिसात होते. नेफला गोळी लागलेली आहे. खांद्यातून रक्त येतंय. आणि हा गृहस्थ दवाखान्यात न जाता ऑफिसात जातो, खुर्चीवर बसतो आणि डिक्टाफोनमध्ये आपल्या वरिष्ठ सहकाऱ्याला उद्देशून रीतसर ऑफिस मेमो सांगायला लागतो. तारीख, प्रति, विषय. बाबांना तो माणूस इथेच आवडला. मी म्हटलं, सिंगापुरात गोळी लागलेल्या माणसाला कुठलाही क्लिनिकवाला दोन दिवसांची एमसी, म्हणजे आजारपणाची चिठ्ठी, देईल. त्याने घरून मेमो पाठवला असता तरी चाललं असतं. मुलीचं मत वेगळं पडलं. ती म्हणाली, ‘‘आई, ही व्हॉइस नोट आहे. अख्खा पिक्चर म्हणजे एक व्हॉइस नोट. एवढी लांब कोण ऐकतं? दीडपट स्पीडवर टाकायची.’’ १०७ मिनिटांच्या या कलाकृतीवर ऐंशी वर्षांत पुष्कळ लिहिलं गेलं असेल; एका वाक्यात तिची एवढी मोडतोड मी तरी वाचलेली नाही.

मग ती प्रसिद्ध एन्ट्री. फिलिस झालेली बार्बरा स्टॅनविक जिन्याच्या वरच्या टोकाला अंगाभोवती टॉवेल गुंडाळून उभी. डोक्यावर सोनेरी टोप, तोही असा की तो टोप आहे हे बसच्या शेवटच्या सीटवरूनही कळावं. स्टुडिओतल्या एका बड्या साहेबाला त्या टोपात ती जॉर्ज वॉशिंग्टनसारखी दिसली होती. ती कपडे करून खाली येते, तिच्या पायात साखळी असते आणि नेफ जो त्या साखळीत अडकतो तो शेवटपर्यंत सुटत नाही. त्या काळच्या अमेरिकेत हा दृश्याचा कळस असणार. आमच्याकडे थंड प्रतिसाद. पायात पैंजण म्हणजे आमच्याकडे पहिलीतल्या मुलीचं गॅदरिंग. पण सासूबाई पुढे सरकून बसल्या आणि विचारलं, ‘‘सोन्याचं आहे का गं ते?’’ काळ्यापांढऱ्यात काय कळणार! म्हटलं, असेल. ‘‘पायात सोनं? मग झालं. घर बुडणार.’’ समीक्षकांना स्त्रीपात्राचा विनाशकारी स्वभाव सिद्ध करायला तीन प्रकरणं लागतात.

सासूबाईंचा दुसरा आक्षेप धुळीला होता. त्या दिवाणखान्यात खिडकीतून उन्हाचे पट्टे येतात आणि त्यात धूळ तरंगताना दिसते. ‘‘कामवाली दाखवलीय ना घरात? मग एवढी धूळ?’’ मी सांगितलं, की ती मुद्दाम केलेली आहे. जॉन साइट्झ या छायाचित्रकाराने हवेत ॲल्युमिनियमची पूड उडवून ती धूळ दाखवली, घरातला कुबटपणा जाणवावा म्हणून. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. पैसे खर्च करून घरात धूळ आणतात ही बातमी पचायला त्यांना खुनापेक्षा जास्त वेळ लागला.

खरी रंगत पुढे आली, ती सहीच्या प्रसंगापासून. नेफ नवऱ्यासमोर गाडीच्या विम्याचे कागद ठेवतो, एक सही घेतो आणि मग सहज, जणू तोच कागद पुन्हा, असं म्हणत खाली सरकवलेल्या अपघाती विम्याच्या अर्जावर दुसरी सही घेतो. नवरा वैतागलेला आहे, वाचत नाही. साक्षीला त्याचीच मुलगी खोलीत बसलेली. आम्ही तिघी श्वास रोखून. बाबा मात्र खुर्चीत ताठ झाले.

‘‘मेडिकल?’’

‘‘बाबा, ॲक्सिडेंट पॉलिसी आहे. मेडिकल नसतं.’’

‘‘बरं. मग मॉरल हॅझार्ड रिपोर्ट? एजंटने लिहून द्यायचा असतो, याला किती वर्षं ओळखतो म्हणून. हा तर दुसऱ्यांदा भेटतोय.’’

‘‘अमेरिका आहे बाबा. १९३८ सालातली गोष्ट.’’

‘‘असू दे की. ब्रँच मॅनेजर झोपलाय का?’’

बाबांची गुन्ह्याची समज बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेली आहे. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यातल्या निम्म्या तरी बाबांनी एसटीत वाचल्या असाव्यात. तिथे झुंजार असतो, काळापहाड असतो. वेषांतर असतं, भुयार असतं. खून प्रपोजल फॉर्मवरून सुरू होऊ शकतो, हे त्यांना नवीन होतं. आणि धक्का खुनाचा नव्हताच. आपल्या जातीचा, म्हणजे एजंट जातीचा माणूस फॉर्म खोटा भरतो, याचा होता. नवऱ्याचा गळा आवळला जात होता तेव्हा ते पाणी प्यायला उठले. सहीच्या प्रसंगाला उठले नव्हते.

आता या सिनेमातला खरा नायक. बार्टन कीझ, क्लेम्स मॅनेजर; तो मेमो याच्याच नावाने आहे. एडवर्ड जी. रॉबिन्सनने हा बुटका, चिडका, खिशात कधीही काडेपेटी नसलेला माणूस असा काही उभा केलाय, की रॅफल्स प्लेसच्या प्रत्येक मजल्यावर मला तो भेटलेला आहे. खोटा क्लेम आला की त्याच्या आत एक छोटा माणूस बसलाय तो टोचायला लागतो आणि त्याला जेवण पचत नाही. आमच्याकडे या छोट्या माणसाच्या जागी हल्ली सॉफ्टवेअर बसवलं आहे. त्याला जेवण पचतं की नाही कुणी विचारत नाही.

कंपनीच्या अध्यक्षाला वाटतं, पैसे वाचवायला सोपी वाट आहे: आत्महत्या म्हणावं आणि क्लेम फेटाळावा. तेव्हा कीझ त्याची जी हजेरी घेतो, तो प्रसंग मी माझ्या खात्यात प्रत्येक नवीन माणसाला दाखवणार आहे. आत्महत्या या एका विषयावर विम्याच्या आकडेवारीचे दहा खंड आहेत, हे तो अध्यक्षाला सुनावतो. धंद्याप्रमाणे, ऋतूप्रमाणे, दिवसाच्या वेळेप्रमाणे. विष घेऊन, तर कुठल्या जातीचं विष घेऊन. उडी मारून, तर कशावरून. आणि एवढ्या सगळ्या नोंदींत चालत्या आगगाडीच्या मागच्या डब्यातून उडी मारून जीव दिल्याची एकही नोंद नाही. त्यात ती गाडी चालली होती ताशी पंधरा मैलांनी.

‘‘पंधरा मैल म्हणजे चोवीस किलोमीटर,’’ बाबा म्हणाले. ‘‘आदर्कीच्या घाटात कोयना एक्सप्रेस अशीच चालते. तिच्यातून उडी मारून माणूस मरत नाही. चहा पिऊन परत चढतो.’’

कीझचा अख्खा युक्तिवाद हाच आहे. त्याला दहा खंड लागले.

आणि मग शेंडी कुठे सापडते? पिस्तुलात नाही, ठशांत नाही. मेलेल्या नवऱ्याचा पाय मरण्यापूर्वी मोडला होता. अपघाती विमा असताना पाय मोडल्याचा क्लेम त्याने लावला नाही. का? कारण आपला विमा आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. न केलेल्या क्लेमवरून खून उघडकीला येतो. मी टुणकन उडाले, बाबांनी मांडीवर थाप मारली, आणि आम्हा दोघांकडे सासूबाई आणि नात अशा बघायला लागल्या, जणू आम्ही कुणाच्या तरी तेराव्याला टाळ्या वाजवल्या.

माझं मत इथे पक्कं झालं. ‘डबल इंडेम्निटी’ ही वासनेची गोष्ट म्हणून पाहिली तर आज जेमतेम चालते. नेफ आणि फिलिस एकमेकांशी जे बोलतात ते इतकं घासून पुसून धारदार केलेलं आहे, की ही दोघं प्रेमात आहेत की वक्तृत्व स्पर्धेत, हे कळायला वेळ लागतो. ऑफिसची गोष्ट म्हणून मात्र तिला तोड नाही. कीझ नेफला आपल्या खात्यात घ्यायला बघतो. पगार पन्नास डॉलरने कमी, पण काम बुद्धीचं. नेफ नाही म्हणतो. तो हो म्हणाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. सेल्सवाल्याला क्लेम्समध्ये का जावंसं वाटत नाही, हा प्रश्न आमच्या चौकात आजही सुटलेला नाही. आणि कीझच्या सिगारला दर वेळी काडी ओढून देतो तो नेफच, तीही अंगठ्याच्या नखावर. सेल्स आणि क्लेम्स या दोन खात्यांत एवढा जिव्हाळा मी कुठल्याही कंपनीत पाहिलेला नाही. सिनेमातली सगळ्यांत अविश्वसनीय गोष्ट विचाराल, तर ही.

दुसरी म्हणजे ऑफिसात बसून ओढणं. रॅफल्स प्लेसला सिगारेट ओढायची तर खाली उतरा, इमारतीच्या दारापासून पाच मीटर लांब जा, उन्हात उभे राहा. धुराचं गूढ वलय तयार व्हायच्या आत घामाने शर्ट पाठीला चिकटतो. न्वारला लागणारी हवा विषुववृत्तापासून सव्वा अंशावर तयार होत नाही, ही सिंगापूरची भौगोलिक अडचण आहे.

आज हा गुन्हा आमच्या चौकात करायचा म्हटला तर? मी व्यवसायाला स्मरून विचार केला. फिलिसने नवऱ्याच्या नावाने अर्ज केला, की आधी ओळखीची कागदपत्रं, मग उत्पन्नाचा स्रोत, मग गरजांचं विश्लेषण. त्या फॉर्मच्या चौथ्या पानावर कुठलीही वासना मरते. मग ओटीपी, आणि तो येणार नवऱ्याच्या फोनवर. तेवढ्यातूनही निभावलं तर नवऱ्याला अभिनंदनाचा मेसेज: आपण आपल्या कुटुंबाचं भविष्य सुरक्षित केलंत! त्यानंतर विचार बदलायला कायद्याने चौदा दिवस. नेफला हे चौदा दिवस मिळाले असते तर साखळीचा अंमल उतरलाही असता. शिवाय रात्री ऑफिसात शिरून कबुलीजबाब द्यायचा तर खालच्या फाटकाला पास लावावा लागतो. लिफ्टला आत बटणंच नाहीत, बाहेर मजला सांगितला की ती ठरवते तुम्ही कुठल्या डब्यात बसायचं. सिनेमात लिफ्टवाला एक म्हातारा आहे. तो नेफला सांगतो, की कंपनीने त्याला कधी पॉलिसी विकली नाही. त्याच्या हृदयात दोष आहे म्हणे. क्षणभराचं बोलणं. आमच्या शहाण्या लिफ्टला असं काही बोलता येत नाही.

चोरून भेटण्याचं तर विचारूच नका. नेफ आणि फिलिस किराणा दुकानात भेटतात, डब्यांच्या रांगेआड, ती काळा चष्मा लावून. सिंगापुरातल्या मराठी जोडप्याने हा प्रयोग मुस्तफाच्या दुकानात करून पाहावा. जाड्या पोह्यांपाशी पोचेपर्यंत तीन ओळखीच्या वहिनी भेटतील आणि त्यातली एक विचारेल, मिस्टर नाही आले?

मुलीने आणखी दोन गोष्टी पकडल्या. एक, नेफ बिनलग्नाचा असून त्याच्या बोटात लग्नाची अंगठी आहे. ती नेफचं काम करणाऱ्या फ्रेड मॅकमरेची स्वतःची. काढायची राहून गेली. दोन, नेफच्या खोलीचं दार बाहेरच्या बाजूला, व्हरांड्यात उघडतं. असं दार कुणाच्या घराला असतं? पण ते आत उघडलं असतं तर कीझ निघतो तेव्हा फिलिसला लपायला जागा उरली नसती. दारामागे ती, दारापुढे तो, मधे नेफ मूठ आवळून दार धरून उभा; हा प्रसंग इतका घट्ट जमलाय, की चूक दिसूनही कुणी दार दुरुस्त करायला सांगणार नाही. मुलगी त्या मिनिटाला फोन उलटा ठेवून बसली होती. आजच्या प्रेक्षकाकडून याहून मोठी दाद मागू नये.

हाच मॅकमरे तीन वर्षांनी चक्क सिंगापूरला आला, म्हणजे ‘सिंगापूर’ नावाच्या सिनेमात, एव्हा गार्डनरबरोबर. मोत्यांची तस्करी, युद्धात हरवलेली प्रेयसी, तिला झालेला स्मृतिभ्रंश. तो स्मृतिभ्रंश पाहून आपल्या माणसाला एकदम घरी आल्यासारखं वाटतं. सिंगापूर अर्थात हॉलिवूडच्या स्टुडिओत उभं केलेलं. त्यापेक्षा १९६० साली शक्ती सामंतांनी शम्मी कपूरला घेऊन केलेला ‘सिंगापूर’ प्रामाणिक म्हणायचा, तो खरंच इकडे येऊन चित्रित केला. पण सेटला हसणाऱ्याने आमच्या स्टेशनाकडेही बघावं. रॅफल्स प्लेस स्टेशनाचं प्रवेशद्वार म्हणजे जॉन लिटल नावाच्या जुन्या दुकानाच्या दर्शनी भागाची नक्कल. पुढे दिमाख, मागे सरकता जिना. त्याच चौकातलं रॉबिन्सन्स हे दुकान २१ नोव्हेंबर १९७२ ला जळालं, नऊ माणसं गेली. आज तिथून जाणाऱ्या कुणाला हे सांगितलं तर तो घड्याळ बघतो.

केनच्या गोष्टीमागेही अशीच खरी माणसं होती. १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ स्नायडर नावाच्या बाईने आपल्या प्रियकराच्या मदतीने नवऱ्याला मारलं. आधी त्याच्या नावे विमा काढलेला, त्यात हेच दुपटीचं कलम. प्रियकर स्त्रियांची अंतर्वस्त्रं विकणारा फिरता विक्रेता होता. १९२८ च्या जानेवारीत दोघांनाही विजेच्या खुर्चीवर बसवलं. वाइल्डरनेही नेफला विषारी वायूच्या कोठडीत पाठवण्याचा प्रसंग चित्रित केला होता, नंतर कापला. बरं केलं. ऑफिसच्या दारात नेफ कोसळतो, त्याच्या बोटांना काडी पेटवायची ताकद उरत नाही आणि कीझ, ज्याच्याकडे कधी काडेपेटी नसायची, तो त्याची काडी पेटवून देतो. एवढा निकाल पुरे होता. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, बक्षीस एकही नाही. बाबा म्हणाले, साहजिक आहे, क्लेमच रिजेक्ट झालाय.

सिनेमा जरूर पाहा. पण एकट्याने, अंधारात, जाणकारासारखा पाहू नका. शेजारी एलआयसीतून निवृत्त झालेला एखादा माणूस बसवा, साताऱ्याचा मिळाला तर उत्तम. आणि पाहून झाल्यावर घरातल्या पॉलिसीच्या फायली एकदा काढा. आपला कुठला कुठला विमा आहे, हे विमा ज्याचा आहे त्याला माहीत असलेलं बरं.